कर्ण्यांचा अ‍ॅम्प्लिफायर

गणपतीच्या मांडवात पडद्याआड ठेवलेला तो जड पत्र्याचा डबा आठवतोय? समोर माइकच्या खोबणी, मागून निघालेली वायर खांबाखांबावरून कर्ण्यांपर्यंत. आमच्याकडे त्याला सरळ ‘अहुजा’ म्हणत. दिल्लीची ही कंपनी १९४० पासूनची. तसलाच एक विलायती, व्हॉल्व्हचा डबा मी गेल्या हिवाळ्यात इथे ब्लँचर्डस्टाउनमध्ये घेतला. एका सभागृहाची अडगळ विकायला निघाली होती. चाळीस युरो. घेतला तो गिटारसाठी.

जुना व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर शोधायला निघालात, तर पहिलं नाव ऐकाल ‘व्हॉक्स एसी३०’. टॉम जेनिंग्ज यांच्या डार्टफर्डच्या कंपनीचा, डिक डेनी यांनी घडवलेला. कॉर्कमध्ये वाढलेल्या रोरी गॅलहरने तो वाजवला, त्यामुळे आयर्लंडात त्याचा मान वेगळाच, आणि किंमतही. आत ‘ईएल८४’ जातीचे चार व्हॉल्व्ह.

पण हा व्हॉल्व्ह गिटारसाठी जन्मलाच नव्हता. फिलिप्सने १९५० च्या दशकात तो आणला घरातल्या रेडिओंसाठी. आपल्याकडच्या रेडिओंतही तो असे, आणि १९५४ मध्ये स्थापन झालेली बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स तो बनवतही होती. गिटारवाल्यांनी केलं इतकंच, की त्याला झेपेल त्याहून जास्त जोरात हाकलला. तो फाटका आवाज रेडिओच्या इंजिनिअरला दोष वाटला असता.

पुढे ट्रान्झिस्टर आला. ज्यांच्यावर गिटारवाल्या कंपनीचं नाव होतं ते अ‍ॅम्प्लिफायर वादकांनी सांभाळले. सभागृहांचे डबे आणि रेडिओग्राम, आत तेच व्हॉल्व्ह असूनही, भंगारात गेले. आमच्या आजोबांचा रेडिओही वजनावर गेला. पत्र्याचा भाव मिळाला, काचेचा नाही. संग्राहक आज पैसे मोजतात ते बऱ्याचदा पाटीचे, असं माझं मत आहे.

तरी डोळे झाकून घेऊ नका. कर्ण्यांच्या डब्याचं आउटपुट बहुधा १०० व्होल्टच्या लाइनसाठी असतं. कारण महावितरणच्या उच्चदाब तारांचंच: दाब जास्त ठेवला की प्रवाह कमी लागतो, आणि लांब वायरीत ताकद कमी वाया जाते. गिटारच्या स्पीकरला ते चालत नाही. म्हणून डब्याची मागची बाजू आधी पाहा. ८ किंवा १५ ओहमची जोडणी असेल तर नशीब. नसेल तर ट्रान्सफॉर्मर बदलण्याचा खर्च धरा. जुनी दोन तारांची, अर्थिंग नसलेली वायर असेल तर प्लगला लावूच नका. आणि झाकण उघडण्याचं काम जाणकाराकडे द्या. बंद डब्यातल्या कपॅसिटरमध्येही ३०० व्होल्ट साठून राहू शकतात.

माझा डबा डब्लिनच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिकने उघडला. आत दोन ईएल८४. एकाची काच पुसून त्याने माझ्यापुढे धरली: ‘बीईएल’, आणि खाली ‘मेड इन इंडिया’. कधीतरी कुणीतरी बदललेला असणार. मेकॅनिकने तो तपासला, ठीक निघाला, परत बसवला. कपॅसिटर मात्र सगळे नवे घालावे लागले. त्याची मजुरी डब्याच्या किमतीच्या तिप्पट झाली, हेही सांगून टाकतो.

आवाज एसी३० चा नाही. ताकद निम्मी, थोडा घोगरा, मधल्या पट्टीत भरलेला. मला आवडतो.

यंदा इथल्या गणपतीत आरतीच्या वेळी भाड्याचा स्पीकर बंद पडला. गिटार काढून मी त्याच खोबणीत माइक लावला. अर्धा मिनिट काहीच ऐकू येईना. मुलं म्हणाली, “काका, हापण बिघडलाय.” “तापू दे रे,” मागून एक आजी म्हणाल्या.