गारफील्डच्या देहांतील गोळी

विमानतळावर जाणाऱ्या प्रत्येक उतारूस एका चौकटींतून जावें लागतें. खिशांत किल्ल्या राहिल्या तर चौकट वाजते. ती वाजली नाहीं, म्हणजे मनुष्य निर्धोक ठरला, असें आपण सहज समजतों. ही समजूत कितपत खरी, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें या धातुशोधक यंत्राच्या बाल्यावस्थेंतील एका कथेकडे वळावें.

ता. २ जुलै १८८१ रोजीं वॉशिंग्टनच्या रेल्वेस्टेशनांत चार्ल्स गिटो नांवाच्या माथेफिरूनें अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांवर दोन गोळ्या झाडल्या. एक दंडाला चाटून गेली. दुसरी पाठींत शिरली, ती कोठें दडली तें कळेना. क्ष-किरणांचा शोध लागावयास अद्याप चौदा वर्षें अवकाश होता. डॉक्टर न धुतलेल्या बोटांनीं जखम चाचपीत राहिले. अशा वेळीं टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल पुढें आले.

त्यांच्या यंत्राचें तत्त्व साधें होतें. तारेच्या वेटोळ्यांतून बदलता विद्युत्प्रवाह सोडला कीं सभोंवारचें चुंबकीय क्षेत्र बदलूं लागतें. तेथें धातूची वस्तु आली म्हणजे तिच्याहि अंगांत विद्युत्प्रवाहाचे भोवरे उठतात, वेटोळ्यांतील समतोल ढळतो, आणि कानाशीं धरलेल्या टेलिफोनांत आवाज उमटतो. यादवी युद्धांतील जुन्या शिपायांच्या देहांत राहिलेल्या गोळ्यांवर हें यंत्र कसोटीस उतरलें होतें.

अध्यक्षांच्या शय्येशीं मात्र २६ जुलै व १ ऑगस्ट या दोन्ही दिवशीं अपयश आलें. पहिल्या खेपेस जोडणींत चूक झाली होती; दुसऱ्या खेपेस अस्पष्ट आवाज दूरवर पसरलेला आढळला. गादीखालीं पोलादी तारांची दुसरी गादी होती, हें बेल यांस मागाहून कळलें. शिवाय गोळी उजव्या अंगास आहे, असा डॉक्टर ब्लिस यांचा आग्रह असल्यामुळें शोध त्याच बाजूस चालला. ता. १९ सप्टेंबर रोजीं अध्यक्ष निवर्तले. शवपरीक्षेंत गोळी डाव्या बाजूस सांपडली, आणि तीहि निरुपद्रवी होऊन बसलेली! त्यांचा घात केला तो जखमेंत शिरलेल्या जंतूंनीं, असें आज बहुतेक वैद्य मानतात. ज्या वैऱ्यानें प्राण घेतला तो धातूचा नव्हताच.

ता. ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेंत प्रत्येक उतारूची तपासणी सक्तीची झाली, आणि बेल यांच्या यंत्राचे वंशज विमानतळाच्या दारांत उभे राहिले. लोखंडच नव्हे, तर तांबें, ॲल्युमिनियम व सोनें यांचीहि त्यांना चाहूल लागते. गुडघ्यांत धातूचा सांधा बसविलेला निरपराध वृद्ध त्यांच्यापुढें अडतो. पण प्लॅस्टिक, चिनी माती, द्रव अथवा भुकटी यांच्यापुढें तीं आंधळीं आहेत. ता. २५ डिसेंबर २००९ रोजीं ॲमस्टरडॅमहून डेट्रॉइटला निघालेल्या विमानांत एका उतारूनें अंतर्वस्त्रांत दडविलेली स्फोटक भुकटी नेली. ती नीट पेटली नाहीं आणि सहप्रवाशांनीं झडप घातली, म्हणून अनर्थ टळला. त्यानंतर वस्त्राआडची वस्तु दाखविणाऱ्या निराळ्या यंत्रांचा प्रसार झपाट्यानें झाला.

यंत्रास दोष देण्याचें कारण नाहीं. चौकट मुकी राहते तेव्हां ‘धातु नाहीं’ एवढेंच ती सांगते. ‘भय नाहीं’ हे शब्द तिच्या तोंडीं आपण घालतों. डॉक्टर ब्लिस यांनीं उजवी बाजू आधींच ठरवून टाकली होती. शोध कोठें व कशाचा करावयाचा, हें ठरविण्याची जबाबदारी १८८१ सालीं मनुष्याचीच होती, आणि आजहि ती त्याचीच आहे.