रिरेकिशोचा कागद आणि त्यातले रकाने

योकोहामात आमच्या घराखाली एक कोनबिनी आहे, म्हणजे चोवीस तास उघडं असणारं छोटं दुकान. तिथे पाकिटं, बॉलपेन आणि पोस्टाची तिकिटं यांच्या शेजारी एक पातळसं पाकीट लटकलेलं असतं. आत रिरेकिशोचे, म्हणजे जपानी रेझ्युमेचे, काही कोरे छापील कागद असतात आणि सोबत ते कसे भरायचे हे दाखवणारा एक भरलेला नमुना. दूध आणायला गेलात तर येताना स्वतःचा जीवनपट भरायचा कागदही घेऊन येऊ शकता.

मी पीएचडी युरोपात केली. तिथला माझा सीव्ही अकरा पानांचा होता आणि प्रत्येक अर्जाला त्याचा अवतार बदलायचा. इथे आल्यावर एका जोडनोकरीसाठी पहिल्यांदा रिरेकिशो भरला, तेव्हा कळलं की इथे अवतार वगैरे काही नाही. डावीकडे वर नाव, उजवीकडे चार बाय तीन सेंटिमीटरचा फोटो. मग शिक्षण, मग नोकऱ्या, जुन्यापासून नव्याकडे. वर्षं बऱ्याचदा सम्राटांच्या कालगणनेत, म्हणजे २०१९ चा उत्तरार्ध हा 'रेइवा १'. नोकरी का सोडली याला एक ठरलेलं वाक्य आहे, 'वैयक्तिक कारणास्तव', आणि त्यामागे बॉसशी भांडण असो की बाळंतपण, लिहायचं तेच. यादी संपली की उजव्या कडेला 'इजो' असा शब्द लिहायचा: इथे संपलं. हाताने लिहीत असाल तर खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. चुकलं की नवा कागद. (हल्ली टाइप केलेलाही चालतो, पण मला ज्यांनी शिकवलं ते जुन्या वळणाचे होते.)

'इजो' लिहिताना मला हसू आलं, कारण हे मी मोडी कागदांत पाहिलं होतं. मराठी दप्तरातल्या पत्रांच्या शेवटी 'लेखनसीमा' किंवा 'बहुत काय लिहिणे' येतं आणि त्यानंतर मोर्तबाचा शिक्का. त्यामागे नम्रता होतीच, पण मजकुराखाली कोणी गुपचूप एखादी ओळ वाढवू नये ही सोयसुद्धा होती. पत्र कोणाला 'राजश्री' म्हणून सुरू करायचं, कोणाला आशीर्वाद लिहायचा, कोणाला साष्टांग नमस्कार, हे कारकुनाने स्वतःच्या डोक्याने ठरवायचं नसे. त्यासाठी 'मेस्तक' नावाच्या लेखनपद्धतीच्या पोथ्या होत्या. परंपरा त्यांचा संबंध तेराव्या शतकातल्या यादवांच्या हेमाद्रीशी, म्हणजे आपल्या हेमाडपंतांशी जोडते. मायना चुकला तर पत्राचा मजकूर कितीही बरोबर असला तरी अपमान व्हायचा तो व्हायचाच.

आणि नेमकं हेच जपानातही होतं. 'ओराइमोनो' म्हणजे 'येणं-जाणं' या अर्थाची नमुना-पत्रांची पुस्तकं. त्यातलं सगळ्यात गाजलेलं 'तेइकिन ओराई' चौदाव्या शतकाच्या आसपासचं. त्यात वर्षभरातल्या महिन्यांची पत्रं आणि त्यांची उत्तरं अशी एकूण २५ पत्रं आहेत. एदो काळात तेराकोया नावाच्या गावशाळांमधली मुलं अशाच पुस्तकांवरून अक्षरं गिरवत. व्यापाऱ्यांच्या मुलांसाठी १६९४ मध्ये 'शोबाई ओराई' आलं, त्यात मालाची, नाण्यांची, हिशेबाची शब्दसंपदा. म्हणजे मूल लिहायला शिकायचं तेच मुळी नमुन्यातून. 'सॅम्पल बघून लिहिणं म्हणजे कॉपी' ही आपली शाळेतली भीती या दोन्ही परंपरांना कळली नसती.

रेझ्युमेचा इतिहास सांगताना हमखास लिओनार्दो दा विंचीचं नाव येतं. १४८२ च्या सुमारास त्याने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाला आपली कौशल्यं सांगणारं पत्र लिहिलं, तोच जगातला पहिला रेझ्युमे वगैरे. मला हे पटत नाही. लिओनार्दोने काय सांगायचं ते स्वतः ठरवलं. पूल, तोफा, सुरुंग आधी आणि चित्रकला अगदी शेवटी. रेझ्युमेचा छापील नमुना याच्या उलट असतो. काय सांगायचं ते दुसऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. रकाना म्हणजे प्रश्न, आणि तो प्रश्न कोणी विचारला हे कागदावर कुठेच लिहिलेलं नसतं.

जपानात त्या प्रश्नांवरून मोठा झगडा झाला. एदो काळात कातडं, कत्तलखाना, मेलेली जनावरं अशा कामांशी जोडलेल्या वस्त्या समाजाबाहेर ठेवल्या जात. १८७१ मध्ये हा दर्जा कायद्याने संपला, पण पुढच्याच वर्षीच्या राष्ट्रीय कुटुंबनोंदणीत, म्हणजे कोसेकीत, काही ठिकाणी या कुटुंबांची जुनी ओळख लिहिली गेली. ती १८७२ ची नोंदवही सर्वांसाठी बंद व्हायला १९६८ साल उजाडलं. या वस्त्यांना बुराकू म्हणतात. तिथली माणसं दिसायला, बोलायला, नावाने बाकीच्यांसारखीच. मग कंपन्यांना कळायचं कसं? अर्जावरून. मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे छापील अर्ज असत आणि त्यात 'होनसेकी', म्हणजे कोसेकीतला मूळ पत्ता, आईवडिलांचा व्यवसाय, घरची मालमत्ता अशी चौकशी असे. होनसेकी म्हणजे तुम्ही राहता ती जागा नव्हे, जन्मलात ती जागाही असेलच असं नाही. आपल्याकडे ट्रेनमध्ये ओळख झाल्यावर दुसराच प्रश्न येतो ना, 'मूळ गाव कुठलं?', तसा तो रकाना. प्रश्न साधा असतो. उत्तराचं काय करायचं हे विचारणाऱ्याला माहीत असतं.

पश्चिम जपानातल्या शिक्षकांनी आणि बुराकू मुक्ती चळवळीने हे लावून धरलं. शाळा संपवून नोकरी शोधणाऱ्या मुलांसाठी १९७१ मध्ये किन्की भागात एकच समान अर्ज आला आणि १९७३ मध्ये देशभरातल्या उच्च माध्यमिक शाळांसाठी तसाच एक. कंपनीने आपला अर्ज पाठवायचा नाही, मुलाने हा एवढाच भरायचा. मला हा या सगळ्या कथेतला सर्वात महत्त्वाचा क्षण वाटतो. टेम्प्लेटला आपण नेहमी साचेबद्ध, कंटाळवाणी गोष्ट म्हणून नावं ठेवतो. इथे साचा हीच ढाल होती. प्रत्येक कंपनीला हवं ते विचारायची मोकळीक काढून घेणं, हाच त्याचा उद्देश. भेदभाव करणाऱ्यांनी अर्थात दुसरी वाट शोधली. देशभरातल्या बुराकू वस्त्यांच्या नावांची यादी छापून गुपचूप विकली जात होती. १९७५ मध्ये हे उघडकीला आलं तेव्हा विकत घेणाऱ्या कंपन्या दोनशेहून जास्त निघाल्या.

प्रौढांच्या रिरेकिशोची गोष्ट आणखी गमतीशीर. दुकानात मिळणारा बहुतेक कागद 'जेआयएस नमुना' म्हणून विकला जायचा, म्हणजे जपानी औद्योगिक मानकाप्रमाणे. प्रत्यक्षात तो छापील फॉर्म कसे आखावेत याबद्दलच्या मानकाच्या स्पष्टीकरणात दिलेलं एक उदाहरण होता. उदाहरण! पण अनेक वर्षं तोच नियम असल्यासारखा वापरला गेला. त्यात लिंग विचारलेलं, कामावर यायला लागणारा वेळ, अवलंबून असलेली माणसं किती, जोडीदार आहे का, त्याला किंवा तिला पोसायची जबाबदारी तुमच्यावर आहे का.

माझ्या त्या पहिल्या अर्जासाठी मी कपाटात सापडलेलं एक जुनं पाकीट वापरलं होतं. जोडीदाराच्या रकान्यात 'आहे'भोवती इमाने-इतबारे गोल केला, कारण सोबतच्या नमुन्यात गोल होता. मुलाखतीत पहिला प्रश्न माझ्या कामाबद्दल नव्हता. नवऱ्याची बदली झाली तर काय करणार, असा होता. नोकरी मिळाली नाही. त्या प्रश्नामुळेच मिळाली नाही असं मी म्हणू शकत नाही, आणि हाच तर अशा रकान्यांचा गुण.

२०२० मध्ये पोस्से नावाच्या संस्थेने लिंगाचा रकाना काढा म्हणून सह्यांची मोहीम चालवली. त्याच वर्षी जुलैमध्ये मानक संघटनेने तो नमुनाच काढून टाकला. एप्रिल २०२१ मध्ये आरोग्य व कामगार मंत्रालयाने नवा नमुना दिला: लिंगाची जागा कोरी, लिहायचं तर लिहा नाहीतर सोडा, प्रवासाचा वेळ, अवलंबून असलेली माणसं, जोडीदार आणि त्याला पोसायची जबाबदारी हे चारही रकाने गायब. फोटो मात्र राहिला. जन्मतारीखही.

आता आपल्या घरात डोकावू. मराठीत नुसतं 'बायोडाटा' म्हटलं की नोकरीआधी लग्न आठवतं. वर गणपती, मग जन्मवेळ, रास, नाडी, गोत्र किंवा देवक, मामांचं गाव, 'अपेक्षा'. हा टेम्प्लेट कोणत्याही मानक संस्थेने काढलेला नाही, तरी अटलांटापासून ऑकलंडपर्यंत तसाच फिरतो. आणि नोकरीच्या अर्जात जात विचारलेली नसली तरी आडनाव असतंच. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आलेला अभ्यास वाचा. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांचा: उच्चजातीय हिंदू, दलित, मुस्लिम. उच्चजातीय नावाच्या तुलनेत पुढच्या फेरीला बोलावलं जाण्याचा संभव दलित नावाला साधारण दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला एक-तृतीयांश निघाला. आडनावाचा रकाना कुठला समान अर्ज काढून टाकणार?

नावाचे रकानेही बदलतात म्हणा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या नावाच्या आधी येईल, असं महाराष्ट्र सरकारने ठरवलं आहे. जपानी अर्जात मात्र मधल्या नावाला जागाच नाही.

हेच कोडं गेल्या महिन्यात किरिगाओकात राहणाऱ्या एका मराठी मुलीला पडलं. कॉलेजसोबत बेकरीत काम करायचं म्हणून ती माझ्याकडे रिरेकिशो घेऊन आली होती. "ताई, बाबांचं नाव आडनावात घालू की माझ्या नावात?" पासपोर्टप्रमाणे घाल म्हटलं. 'ही नोकरी का हवी' या रकान्यात तिने इंटरनेटवरच्या नमुन्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, लहानपणापासून पावाच्या सुगंधाने भारावून गेल्याचं. मी विचारलं, खरं काय? म्हणाली, पहाटेची शिफ्ट आहे, दहाच्या लेक्चरला पोचता येतं. तेच लिही म्हटलं, नीट जपानीत. लिंगाची जागा तिने थोडा विचार करून कोरी सोडली. फोटो चिकटवला, शेवटी उजव्या कडेला 'इजो' लिहायला घेतलं आणि दुसऱ्या अक्षराला पेन घसरलं. पाकिटात अजून दोन कागद होते. मी चहा टाकला, तिने पुन्हा नावापासून सुरुवात केली.