राजाश्रय आणि स्वकर्तृत्व : बडोद्यातील मराठी नोकरदारांच्या वाटचालीचा एक आलेख

चिटणीस, फडणीस, मुजुमदार, दप्तरदार, पोतनीस ही बडोद्याच्या मराठी वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेली आडनावे म्हणजे मुळात हुद्द्यांची नावे आहेत. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या कायम ताब्यात आले आणि फौजेच्या पाठोपाठ लेखणीही गुजराथेत आली. हिशेब ठेवणारा, खलिते लिहिणारा, वसुलाची नोंद करणारा असा मराठी माणूस येथे स्थायिक झाला. बापाचे काम मुलाने चालवायचे, ही त्या काळची रीत होती. त्यामुळे ‘पुढे काय करावे’ हा प्रश्न तरुणांपुढे सहसा उभाच राहत नसे. घराण्याच्या हुद्द्यातच त्याचे उत्तर दिलेले असे. हा प्रश्न बडोद्याच्या मराठी समाजापुढे केव्हा उभा राहिला आणि त्याने त्याची कोणती उत्तरे शोधली, हे पाहणे उद्‌बोधक ठरेल.

१८७५ मध्ये मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक येऊन सयाजीराव या नावाने गादीवर बसला. दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराची विस्कटलेली घडी बसविली, आणि १८८१ मध्ये महाराजांच्या हाती संपूर्ण अधिकार आले. त्याच वर्षी बडोदे कॉलेजची स्थापना झाली. नव्या पद्धतीची खाती, शाळा आणि न्यायालये यांना घराण्यापेक्षा शिक्षणाची गरज अधिक होती. वंशपरंपरेने आलेला हुद्दा दुय्यम ठरू लागला आणि पदवीचे महत्त्व वाढले. कोकणातून व देशावरून शिकलेले तरुण बडोद्याची वाट धरू लागले. दरमहा ठरलेला पगार आणि उतारवयातील पेन्शन यांमुळे संस्थानची नोकरी ही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाच्या आकांक्षेची परिसीमा होऊन बसली.

या नोकरीने पुष्कळांना स्वास्थ्य दिले. त्या स्वास्थ्याचा उपयोग कोणी कसा केला, यात मात्र मोठा फरक आढळतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ मध्ये महाराजांच्या सेवेत रुजू झाले. महाराजांना वाचून दाखविणे आणि राजपुत्रांना शिकविणे ही त्यांची कामे. राजपुत्रांना इतिहास शिकविण्यासाठी काढलेल्या टिपणांतून त्यांचा इतिहासलेखनाचा व्यासंग वाढला आणि १८९८ मध्ये ‘मुसलमानी रियासत’ प्रसिद्ध झाली. पुढे ‘मराठी रियासती’चे खंड निघाले. १९२५ मध्ये, साठीच्या उंबरठ्यावर, त्यांनी सेवानिवृत्ती घेऊन पुण्याजवळ कामशेत येथे मुक्काम केला. बहुतेकांच्या आयुष्यात जेथे कामाला पूर्णविराम मिळतो, तेथून सरदेसायांच्या आयुष्याचा थोर कालखंड सुरू झाला. १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत पेशवे दप्तरातील निवडक कागदपत्रांचे ४५ खंड त्यांनी संपादित केले आणि ऐंशी वर्षांचे वय उलटल्यावर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत सिद्ध केला. चाकरीच्या छत्तीस वर्षांत त्यांनी नुसती पेन्शन मिळविली नाही. निवृत्तीनंतर पुरून उरेल असे काम स्वतःसाठी तयार करून ठेवले.

सगळेच तरुण कचेरीत मावणार नाहीत, हे सयाजीरावांनी लवकर ओळखले होते. १८९० मध्ये त्यांनी कलाभवनाची स्थापना केली आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्याकडे त्याची सूत्रे सोपविली. चित्रकला, वास्तुकला, यंत्रविद्या, रंगकाम, विणकाम असे विषय तेथे शिकविले जात. धंदेशिक्षण देशी भाषेतून मिळाले पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. हाताने करावयाचे काम हलके, ही पांढरपेशा घरांतील समजूत दृढ असण्याचा तो काळ. अशा काळात कलाभवनाचा दरवाजा ओलांडणे हीच मराठी तरुणाच्या दृष्टीने एक वैचारिक क्रांती होती.

त्या दरवाजातून आत गेलेल्यांपैकी एक म्हणजे त्र्यंबकेश्वर येथे १८७० मध्ये जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून ते बडोद्यास आले. कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण आणि ठसे बनविण्याची विद्या आत्मसात केली. त्यानंतरचा त्यांचा जीवनक्रम वरवर पाहता अस्थिर वाटतो. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा धंदा मांडला. प्लेगच्या साथीत पत्नी व अपत्य गमावल्याने तो मोडला. नाटकांचे पडदे रंगविले. १९०३ मध्ये पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी धरली आणि वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत ती सोडली. लोणावळ्यास छापखाना काढला. भागीदारांशी मतभेद होताच त्यातूनही ते बाहेर पडले. चाळिशीच्या माणसाने इतके धंदे बदलावेत, हे आप्तेष्टांना चंचलपणाचे लक्षण वाटले असल्यास नवल नाही. परंतु १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला तेव्हा या साऱ्या वाटा एकाच मुक्कामी येऊन मिळालेल्या दिसतात. पडदे रंगविण्याचा हात, छायाचित्रकाराची नजर, काळोख्या खोलीतील रसायनांचे ज्ञान आणि छापखान्यातला काटेकोरपणा यांपैकी काहीही वाया गेले नाही. पेशा बदलला, पण विद्या संगतीला राहिली.

कलाभवनाच्या वातावरणाचे दुसरे फळ म्हणजे बडोद्यातील औद्योगिक युग. गज्जर, कोटिभास्कर आणि भाईलाल दाजीभाई अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये अलेम्बिक केमिकल वर्क्सचा उदय झाला. गुजराती आणि मराठी मंडळींनी एकत्र येऊन शास्त्राच्या बळावर उद्योग उभारल्याचे हे उदाहरण बडोद्याच्या संमिश्र संस्कृतीला साजेसेच आहे. दप्तराच्या बाहेरही भाकरी मिळते आणि ती अधिक सन्मानाचीही असू शकते, ही जाणीव येथून पुढे बळावत गेली.

मात्र या इतिहासाची एक काळी बाजू आहे आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. भीमराव रामजी आंबेडकर १९१३ मध्ये बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा त्यांच्याशी करार झालेला होता. १९१७ मध्ये ते सेवेत रुजू झाले. कचेरीत शिपाई त्यांच्यापुढे कागद दुरून टाकीत. शहरात राहावयास जागा मिळेना. अखेरीस एका पारशी वसतिगृहात त्यांनी आसरा घेतला, तर लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथूनही बाहेर काढले. ज्या राज्याने त्यांच्या शिक्षणाचा खर्च उचलला, त्याच राज्याच्या राजधानीत त्यांना डोक्यावर छप्पर मिळू शकले नाही. शिकलेल्या माणसासाठी राजसेवेचे दार उघडे आहे, असे म्हणताना ते कोणासाठी उघडे होते, हा प्रश्न बडोद्याला विचारावाच लागतो. आणि त्या कचेऱ्यांतून मराठी मंडळीही काम करीत होती, हेही विसरून चालत नाही. राजाची इच्छा चांगली असूनही समाजाचे मन बदलले नव्हते. आंबेडकरांनी बडोदे सोडले. १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले आणि पुढील शिक्षणासाठी पुन्हा विलायतेस गेले. नोकरी हिरावली गेली, तरी मिळविलेली विद्या कोणाला हिरावून घेता आली नाही.

विद्येचा हा साठा सर्वांच्या हाती पोहोचावा म्हणून सयाजीरावांनी जी ग्रंथालय-चळवळ उभी केली, तिचा उल्लेख या ग्रंथात विशेष औचित्याचा आहे. प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ पासून सर्व राज्यात सक्तीचे व मोफत झाले होते. शिकलेल्या प्रजेला वाचावयास पुस्तके हवीत, म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतील ग्रंथपाल विल्यम बोर्डेन यांना पाचारण करण्यात आले. मध्यवर्ती ग्रंथालय, खेडोपाडी ग्रंथालये आणि पेट्यांतून गावोगाव फिरणारी पुस्तके अशी रचना त्यातून उभी राहिली. १९११ मध्ये ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग सुरू झाला आणि ग्रंथपाल हा एक स्वतंत्र, शिकून करावयाचा पेशा ठरला. परप्रांतातील मराठी वाचनालयांनाही उपजीविकेच्या दृष्टीने एक महत्त्व होते. कथा-कादंबऱ्यांच्या वाचकांबरोबर ‘पाहिजेत’च्या जाहिराती टिपून घेणारा बेकार तरुण, परीक्षेची पुस्तके घरी नेऊ न शकल्याने तेथेच बसून अभ्यास करणारा विद्यार्थी, अर्जाचा मसुदा वडीलधाऱ्या सभासदाला दाखविणारा नवखा उमेदवार, अशी मंडळी वाचनालयाच्या बाकांवर असत. त्यांची नोंद वार्षिक अहवालांत सापडत नाही.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या सत्तेच्या भरवशावर दोन शतके मराठी कुटुंबे येथे वसली होती, ती सत्ताच राहिली नाही. १९६० मध्ये द्वैभाषिक राज्य संपून गुजरात राज्य अस्तित्वात आले, तेव्हा सरकारी नोकरीतील उरलीसुरली परंपरागत सोयही ओसरली. केवळ हुद्द्यावर विसंबलेल्या घरांना हा बदल जड गेला. परंतु विलीनीकरणाच्या सुमारासच महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले होते आणि कलाभवनाच्या परंपरेतून त्याची तंत्रविद्याशाखा आकारास आली होती. साठीच्या दशकात कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना व अन्य रासायनिक उद्योग आले, तेव्हा गुजराती भाषा आपलीशी केलेल्या आणि तांत्रिक शिक्षण घेतलेल्या मराठी तरुणांना शहर सोडावे लागले नाही.

बडोद्याच्या या वाटचालीतून एक गोष्ट स्पष्ट होते. राजाश्रयाने मराठी माणसाला येथे आणले. परंतु त्याला येथे टिकविले ते त्याने आश्रयाच्या काळात कमावलेल्या ज्ञानाने व हुन्नराने. सरदेसायांचा व्यासंग, फाळक्यांची कारागिरी आणि आंबेडकरांची विद्वत्ता यांचे आश्रयस्थान पुढे बडोदे राहिले नाही, तरी तिघांच्याही शिदोरीत बडोद्याचा वाटा होता. नोकऱ्यांचे स्वरूप बदलले तरी उमेदीच्या वयातील मुलाला अभ्यासासाठी शांत जागा, हवे ते पुस्तक आणि चार अनुभवी माणसांचा सल्ला लागतोच. शंभर वर्षे या तीन गोष्टी विनामोबदला पुरविणाऱ्या वाचनालयाने किती घरांत पहिला पगार पोहोचविला, याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. तो त्या घरांतील माणसांना ठाऊक आहे, आणि देणगीदारांच्या यादीत त्यांची नावे वर्षानुवर्षे का येत राहतात, याचे कारणही तेच आहे.