खिळा कोणाचा? तसबिरी आणि घराच्या भिंती

मंडळी, आजचा विषय वरवर साधा आहे. घराच्या भिंतीवर फ्रेम किती उंचीवर टांगायची? हल्ली याचं तयार उत्तर मिळतं: चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ इंचांवर, म्हणजे साधारण १४५ सेंटिमीटरवर ठेवा. हा संग्रहालयांचा हिशेब. तिथे पाहणारा उभा असतो आणि एका चित्रापासून दुसऱ्याकडे चालत जातो.

आपल्या जुन्या घरात माणूस जमिनीवर बसायचा. मग तसबिरी खाली असायला हव्या होत्या. पण त्या दाराच्या चौकटीच्याही वर, रांगेने असत. खालची भिंत कामाची होती. टेकून बसायला, कोनाड्यांना, खुंटीवरच्या कपड्यांना ती लागे. म्हणून तसबीर वर गेली. वर गेली की खालून दिसेना, काच चमके. त्यावर उपाय असा, की फ्रेमची खालची कड दोन खिळ्यांवर टेकवायची आणि वरची बाजू दोरीने बांधून पुढे झुकती ठेवायची. मागच्या फटीत चिमण्या घरटं करत, आणि पिल्लं उडेपर्यंत ती तसबीर कोणी पुसत नसे.

या झुकण्याचा आणखी एक परिणाम होतो. तसबीर आपल्याकडे पाहू लागते. संग्रहालयात आपण चित्र पाहतो. माजघरात मात्र देवाची आणि वाडवडिलांची नजर आपल्यावर असते. ५७ इंचांच्या नियमात ही नजर कुठेच बसत नाही.

तसबिरी घरोघरी पोचल्या त्या छापखान्यांमुळे. पुण्यात १८७८ साली चित्रशाळा प्रेस निघाला. राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला आला. मळवली म्हणजे आपल्या लोकलच्याच मार्गावरचं, लोणावळ्याच्या अलीकडचं स्टेशन. ज्यांना गाभाऱ्यात पाऊल टाकू दिलं जात नव्हतं, त्यांनाही आता थोड्या पैशांत लक्ष्मी घरी आणता आली. समीक्षकांनी या छापील चित्रांना भडक म्हणून नाकं मुरडली. मला ती तक्रार पोट भरलेल्यांची वाटते.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. मागोमाग कारखाने, वसाहती, चाळी. गावोगावचे लोक आले आणि प्रत्येकाबरोबर त्याची भिंत आली. पिंपरी कॅम्पात फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांकडे झुलेलाल आणि गुरू नानक होते.

त्याच वर्षी, २५ डिसेंबरला, डॉ. आंबेडकरांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. प्रतिज्ञा मैदानात घेतली, पण ती पाळायची होती घरातल्या भिंतीवर. ज्या काचेवर आईने वर्षानुवर्षं हळदकुंकू लावलं, ती फ्रेम हाताने खाली काढायची, हे सोपं काम नव्हे. तिथे बुद्ध आणि बाबासाहेब आले. खिळा बहुधा तोच, उंची तीच, झुकावही तोच. धर्मांतराबद्दल आपण सभा आणि भाषणांतून पुष्कळ बोलतो. मला वाटतं या खिळ्याकडेही पाहायला हवं. आपल्या भिंतीवरून कोणी आपल्याकडे पाहायचं, हे तिथे माणसाने स्वतः ठरवलं.

आता चाकणला या. भाड्याच्या खोलीत पहिली अट असते, भिंतीला खिळा मारायचा नाही. मारलाच, तर डिपॉझिटमधून पैसे कापतात. नव्या टॉवरांत तर कित्येक ठिकाणी भिंती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या सलग काँक्रीटच्या. साधा खिळा वाकतो. हॅमर ड्रिल, प्लास्टिकची गुट्टी आणि स्क्रू लागतो. चिकटवायचे हूक मिळतात, पण पावसाळ्यात ओल आली की ते रंगाचा पापुद्रा घेऊन खाली येतात. काचेची जड फ्रेम त्यांच्या भरवशावर पलंगाच्या वर लावू नका, एवढं नक्की सांगतो.

म्हणून देव फ्रिजवर बसतात. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाची तसबीर मोबाईलच्या पडद्यावर असते. आणि वडिलांचा हार घातलेला फोटो गावाकडेच राहतो, कारण तिथे खिळा मारायला कोणाला विचारावं लागत नाही.

चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.