नाव घातलेली भांडी

महाराष्ट्राच्या इतिहासकारांनी ताम्रपट वाचले, शिलालेख वाचले, कसर लागलेली दप्तरं उपसली. पण स्वयंपाकघरातली मांडणी कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. आमच्या मांडणीवर तीन पिढ्यांचा साधार इतिहास उपडा घालून ठेवलेला आहे. मुंजीतलं नाव कोरलेल्या फुलपात्रातून आम्ही अजून पाणी पितो. ज्या बटूची ती मुंज, त्याला आता नातवंडं आहेत.

भांड्यांवर नाव घालायचं मूळ कारण म्हणजे शेजार. केटरर नावाचा प्राणी अवतरण्यापूर्वी कार्य निघालं की अख्ख्या वाड्यातली पातेली, घंगाळी, ओगराळी एकत्र जमत आणि परतताना हमखास वाट चुकत. म्हणून पितळेवर छिन्नीने ठिपके ठोकून मालकाचं नाव घालायचं. मग स्टील आलं. शेफील्डला १९१३ साली हॅरी ब्रियरली बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम मिसळून बघत होता. आपल्या शोधावर पुढे पुण्या-मुंबईच्या भांड्यांच्या दुकानांत विजेच्या यंत्राने 'टर्रर्र' करून 'आत्याकडून सप्रेम भेट' कोरलं जाईल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

स्टीलला कल्हई नको, चिंच नको. बायका खूष झाल्या आणि ते बरोबरच होतं. चिंच लावून पितळ घासणाऱ्या हातांना विचारा! पण घरोघरची पितळी भांडी मोडीत निघाली, ती नावांसकट. एका आजोबांच्या मोबदल्यात दोन डबे आणि एक चाळणी, असा भाव.

आमचं एक तपेलं यातून वाचलं. त्यावर नुसती आद्याक्षरं होती : 'या. रा. भा.' या अक्षरांत बसणारं आमच्या घराण्यात कुणीच नव्हतं. काका म्हणायचे, कुणाचं तरी आणलेलं परत द्यायचं राहिलं असेल. आमच्या घराण्याचा लौकिक बघता ते पटण्यासारखं होतं. आजीच्या माहेरून एक म्हातारे मामा आले, त्यांनी तपेलं उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "अरे, ही तर आमची ताई!" म्हणजे आजीच. लग्नाआधीची. १९३१ साली मांडवात ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं गेलं आणि जुनं, आडनावासकट, पुसलं. आम्ही नातवंडांनी तिचं जुनं नाव कधी विचारलंच नव्हतं.

आपल्याकडे बाईने नवऱ्याचं नाव उखाण्यात घ्यायचं आणि सुनेला नावं ठेवायची. स्वतःचं नाव घालायला जागा कुठे? भांड्यावरसुद्धा नाव देणाऱ्याचं. चाळीस वर्षं आमटी तिने करायची आणि पातेल्यावर मिरवायचं मेहुण्याने.

याहून जुन्या काळी काय होतं, ते बघायला जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावं. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं. अगदी आहेराच्या वहीसारखी यादी. घराण्यातल्या माणसांचे पुतळेही होते. ते फुटून गेले, पण वरची नावं राहिली. त्यात राणी आणि राजा यांचं नाव एकत्र कोरलंय. आधी देवी नायनिका, मग राजा श्री सातकर्णी. दोन हजार वर्षांनी आपण 'श्री. व सौ.' वर आलो, याला प्रगती म्हणायची तर म्हणा.

आजीचं एवढंही नव्हतं. माहेरून आलेलं ते स्त्रीधन, त्यावर बाईचा हक्क, हे धर्मशास्त्राला मान्यच होतं. बाकी मिळकतीचं तसं नाही. १९३७ च्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला, पण हयातीपुरता. पुरी मालकी यायला १९५६ साल उजाडावं लागलं. आजीच्या अंगावरचे चार दागिने घरच्या अडीनडीला कधीच गेले होते. म्हणजे लग्नानंतरची पंचवीस वर्षं, जिच्याकडे 'ही माझी वस्तू' म्हणून बोट दाखवावं, अशी तिची मिळकत ते एक तपेलं. त्यातही आम्हा सगळ्यांचा भात शिजायचा.

आता कल्हईवाला फिरकत नाही, त्यामुळे ते चुलीवर चढत नाही. सूनबाईंनी त्यात तांदूळ भरून ठेवलेत. परवा मी ते चिंचेने घासायला घेतलं, तर म्हणाली, "बाबा, जपून हं. अक्षरं झिजतील."