सरधन्याचे चर्च आणि मराठ्यांची दिल्ली

नोएडाच्या गोल्फ कोर्सवर एक जुना स्तंभ उभा आहे. 11 सप्टेंबर 1803 रोजी पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याचे ते स्मारक. ते जिंकणाऱ्यांनी उभारले, हे निराळे सांगावयास नको. मराठ्यांच्या त्या दिल्लीचा एक धागा मेरठजवळच्या सरधना गावी, एका कॅथलिक चर्चपर्यंत जातो, ही गोष्ट मात्र आपल्या मंडळींत क्वचितच निघते. 2022 साली या चर्चला दोनशे वर्षे पूर्ण झाली.

चर्च बांधविले बेगम समरूने. तिचा पती वॉल्टर राइनहार्ट ऊर्फ समरू हा पगारी युरोपीय सेनानी 1778 मध्ये वारला आणि त्याची फौज व सरधन्याची जहागीर बेगमेकडे आली. 7 मे 1781 रोजी आग्र्यास तिने बाप्तिस्मा घेतला. पुढे 1784 मध्ये महादजी शिंदे बादशहाचे वकील-ए-मुतलक झाले. तेव्हा दिल्लीचा कारभार प्रत्यक्षात मराठ्यांच्या हाती होता, आणि बेगमेच्या पलटणी त्याच व्यवस्थेचा भाग झाल्या.

1787 मध्ये गुलाम कादिर रोहिल्याने आपल्याच काठावर, शाहदऱ्यास तळ दिला, त्या वेळी शाहआलमच्या रक्षणासाठी बेगम फौजेनिशी धावून आली. दुसऱ्या वर्षी मात्र त्याने डाव साधला आणि वृद्ध बादशहाचे डोळे काढले. महादजींचे सरदार राणेखान यांनी दिल्ली परत घेतली. मेरठच्या वेढ्यातून निसटलेला गुलाम कादिर अखेर मराठ्यांच्याच हाती लागला.

पटपडगंजनंतर अवघ्या बारा दिवसांनी, 23 सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंद्यांच्या बाजूने बेगमेच्या पलटणीही होत्या. त्यांच्याकडे सामानाच्या रक्षणाचे काम होते, म्हणून त्या बऱ्याच अंशी शाबूत परतल्या. एवढ्यात वारे फिरले होते. बेगमेने इंग्रजांशी जुळवून घेतले व जहागीर हयातीपुरती राखली. तिला कोणी संधिसाधू म्हणेल; पण त्या धामधुमीत पुरुष सरदारांपैकी तरी किती जण टिकले?

पुढील शांततेच्या वर्षांत आंतोनियो रेगेलिनी या इटालियन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चर्च उभे राहिले. खर्च त्या काळचे सुमारे चार लाख रुपये. दोन उंच मनोरे, रुंद खांबांची ओसरी, घुमट आणि रंगीत दगडांच्या नक्षीची संगमरवरी वेदी असे त्याचे रूप आहे. वेदीवरची नक्षी पाहताना ताजमहालाची आठवण होते. लॅटिन शिलालेखात 1822 हे वर्ष कोरलेले आहे.

27 जानेवारी 1836 रोजी बेगम वारली आणि कंपनीने जहागीर खालसा केली. फौज गेली, दरबार गेला. राहिली ती तिच्या आश्रयाने वसलेली ख्रिस्ती कुटुंबे आणि त्यांचे प्रार्थनास्थान. बेगमेच्या महालात आज शाळा भरते. शाळेच्या स्मरणिकेत हा उल्लेख करताना विशेष आनंद होतो. 1961 मध्ये पोप जॉन तेविसावे यांनी या चर्चला लघु बॅसिलिकेचा दर्जा दिला.

आत बेगमेची समाधी आहे. रोमचे शिल्पकार आदामो तादोलिनी यांनी घडविलेल्या या स्मारकात बेगम उच्चासनावर बसली असून खाली दिवाण रायसिंग, घोडदळाचे इनायतुल्ला आणि बिशप अशी तिच्या दरबारातील माणसे आहेत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारेच. मराठा सरदार मात्र त्यांत कोणी नाही. तोवर दिल्लीत आपली सत्ता उरलीच नव्हती.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी येथे कृपामातेची यात्रा भरते. तीत ख्रिस्ती असतातच, पण आसपासच्या खेड्यांतील इतर धर्मांची माणसेही मोठ्या संख्येने येतात, मेणबत्ती लावतात, नवस बोलतात. नोएडाहून सकाळी निघाले तर संध्याकाळी घरी परतता येते.