मराठवाड्यांतील तालीम

तालीम हा शब्द अरबी; त्याचा अर्थ शिक्षण. वस्ताद, पहिलवान आणि कुस्ती हे तिन्ही शब्द फारसींतून आले. आखाडा मात्र संस्कृताच्या घरचा. हे सारे शब्द ज्या एका जागेंत शेजारीं शेजारीं नांदतात, तिच्या भिंतींत एक कोनाडा असतो, कोनाड्यांत शेंदरी मारुति असतो आणि त्याच्यापुढें तांबड्या मातीचा हौदा असतो. नांदेड-लातूरकडील मनुष्यास यांत कांहीं नवल वाटत नाहीं. तो मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. घरांत मराठी आणि कचेरींत उर्दू ही तेथील नित्याची राहणी होती. तालमींतली भाषाही तशीच मिश्र राहिली आणि ती कोणी शुद्ध करावयास गेलें नाहीं, हें बरेंच झालें.

समर्थांनीं गांवोगांव मारुति स्थापिले, पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांब नांवारूपास आणला, या गोष्टी शाळेच्या पुस्तकांत येतात. समर्थांचा जन्म तर मराठवाड्यांतल्याच जांब गांवचा. परंतु तालीम चालते ती थोरांच्या आज्ञेवर नव्हे. भल्या पहाटे उठून हौदा खणणारीं पोरें असलीं म्हणजे ती चालते, तीं नसलीं म्हणजे मारुतीपुढें दिवा लावण्यापुरतीच उरते.

नव्या पोरास तेथें प्रथम कुस्ती शिकवीतच नाहींत. त्याच्या हातीं खोरें देतात. हौद्यांतील माती रोज खणून भुसभुशीत करावी लागते. तींत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस हीं वेळोवेळीं मिसळावीं लागतात. घटकाभर खोरें चालविलें कीं खांदा, कंबर आणि मनगट यांस आपोआप मेहनत घडते. ज्या मातीवर उद्यां आपली पाठ टेकणार, ती मऊ करण्याचें काम आपलेंच आहे, हेंही त्यास न सांगतां समजतें. मग जोर, मग बैठका, मग सपाट्या. त्यानंतर पडण्याची विद्या. मान आंत घेऊन, अंग सैल सोडून कसें पडावें हें ज्यास साधलें नाहीं, त्यास चांगला वस्ताद पट काढूं देत नाहीं.

वस्ताद हा पगारी शिक्षक नसे. शेत, दुकान किंवा पाटीलकी सांभाळून तो पहाटे व सांजवेळीं येई, हौद्याच्या कांठीं बसे आणि बहुतेक शिक्षण तोंडानें करी. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, धोबीपछाड हीं नांवें पोरांच्या कानांवर इतक्या वेळां पडत, कीं हाकेसरशीं अंग वळे. खरें शिक्षण मात्र थोरल्या पठ्ठ्यांकडून होई. अठरा वर्षांचा गडी बारा वर्षांच्या पोराशीं खेळतांना आपलें निम्मेंअधिक बळ आवरून धरी. तें किती आवरावें, किती सोडावें, हाच त्या थोरल्याचा धडा असे. धाकटा डाव शिके आणि थोरला संयम शिके. वस्ताद एक डाव राखून ठेवतो, असें लोक म्हणतात. त्यांत वस्तादांवर थोडा अन्याय होतो. आपल्या पठ्ठ्यानें आपल्याला मागें टाकावें याहून दुसरी हांव खऱ्या वस्तादास नसते.

खुराकाचा प्रश्न याहून अवघड. दूध, तूप, बदाम, थंडाई ही चैन कोरडवाहू मुलखांतील कुणब्यास परवडणारी नव्हे. म्हणून ज्या घरीं दुभतें असे तें घर तांब्याभर दूध पाठवी, कोणी जोंधळे देई, कोणी तेल देई. पोर एका घरचें असलें तरी पहिलवान गांवाचा होई. या चित्रावर एक डाग आहे, तो झांकून चालणार नाहीं. सर्वच तालमींचीं दारें सर्व जातींच्या पोरांस सारखीं उघडीं नव्हतीं. आणि मुलींस तर अगदीं अलीकडेपर्यंत तीं बंदच होतीं. ‘गांवाचा’ या शब्दांत गांव किती मावत असे, याचा हिशेब प्रत्येक तालमीस निराळा द्यावा लागेल.

वर्षभराच्या या मेहनतीची परीक्षा जत्रेंत होई. नांदेड जिल्ह्यांत लोहा तालुक्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षांत भरते. घोडे, उंट, गाढवें यांच्या बाजाराइतकीच ती कुस्त्यांच्या फडाबद्दलही प्रसिद्ध आहे. लातुरांत महाशिवरात्रीस सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेथेंही फड रंगतो. आरंभीं लहान पोरांच्या कुस्त्या लागतात, रेवड्यांवर किंवा नारळावर. मग हलगीचा ठेका चढत जातो, बक्षिसाची रक्कम वाढत जाते, आणि शेवटीं मानाची कुस्ती. जोड लावणारे पंच हे त्या दिवसाचे खरे मुनसफ. वजनाचा कांटा नसतांही बरोबरीची जोड नजरेनें निवडण्याची त्यांची कसबी विद्या होती. हरलेल्याच्या पाठीवर जिंकलेल्यानें हात फिरविल्यावांचून फडांतून बाहेर पडूं नये, हा नियम कोठें लिहिलेला नाहीं, पण तो सर्वांस पाठ आहे.

नांदेडांत याच्या जोडीला आणखी एक परंपरा आहे. गुरु गोविंदसिंगांनीं १७०८ मध्यें तेथें देह ठेविला. तेव्हांपासून गोदाकांठचें हें शहर शिखांचें तीर्थक्षेत्र झालें. होळीच्या सुमारास तेथें होला मोहल्ल्याची मिरवणूक निघते आणि शीख तरुण गतक्याचे, म्हणजे लाठी-तलवारीचे, हात करून दाखवितात. मराठी पोरांचा हौदा आणि शीख पोरांचा गतका एकाच शहरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

आतां ज्या काळीं तालीम ही सरकारच्या डोळ्यांत सलूं लागली, त्या काळाकडे वळावयास हवें. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत हैदराबाद सरकारनें लोकांच्या एकत्र येण्यावर नाना बंधनें घातलीं. सभांसाठीं कुप्रसिद्ध ‘गश्ती निशाण ५३’ होतें. खाजगी शाळा काढावयास परवानगी लागे, आणि आखाडा काढावयासही लागे. दहा पोरें लंगोट लावून जोर काढतात, यांत राज्यास भय तें काय, असें आज वाटेल. पण सरकारची भीति अगदींच खुळी नव्हती. ज्या मुलखांत सभा नाहीं, मनाजोगी शाळा नाहीं, निवडलेलें प्रतिनिधिमंडळ नाहीं, तेथें रोज ठरलेल्या वेळीं जमणारी, स्वतःचा नायक मानणारी, स्वतःच्या वर्गणीवर चालणारी एकच मंडळी उरते आणि ती म्हणजे तालीम.

अशीच गोष्ट दूर आयर्लंडांत घडली होती. तेथें १ नोव्हेंबर १८८४ रोजीं थर्ल्स गांवच्या एका हॉटेलांत मूठभर माणसें जमलीं आणि त्यांनीं हर्लिंग व गेलिक फुटबॉल या देशी खेळांच्या रक्षणासाठीं गेलिक अॅथलेटिक असोसिएशन ही संस्था काढली. तिचा पुढारी मायकेल क्यूसॅक हा पेशानें शाळामास्तर होता, हें येथील शाळामास्तरांनीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. खेडें-पाड्यांतील एकेक चर्चचा परगणा हा एकेका क्लबाचा घटक ठरला; खेळाडूस पगार नाहीं, शिकविणाराही बहुधा गांवचाच; ज्या गांवीं जन्मलास त्या गांवाकडून खेळ, अशी रीति पडली. १९१८ मध्यें इंग्रज सरकारनें सार्वजनिक सामन्यांस परवाना लागेल असें फर्माविलें, तेव्हां संस्थेनें परवाना मागितलाच नाहीं. ४ ऑगस्ट १९१८, रविवार, दुपारीं तीन वाजतां देशभर एकाच वेळीं शेंकडों सामने खेळले गेले. इतक्या मैदानांवर शिपाई पाठविणें सरकारास शक्य नव्हतें. दोन वर्षांनीं, २१ नोव्हेंबर १९२० रोजीं, डब्लिनच्या क्रोक पार्कवर सामना चालू असतां गोळीबार झाला आणि चौदा माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत एक खेळाडूही होता. आजही त्या संस्थेचे खेळाडू खेळासाठीं पगार घेत नाहींत.

मराठवाड्यांत असा एकच रविवार उगवला नाहीं. येथील तालमींस जोडणारी मध्यवर्ती संस्थाच नव्हती. अशी संस्था होती ती सरहद्दीपलीकडे, वऱ्हाडांत. अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्यें वैद्य बंधूंनीं स्थापिलें. १९३६ मध्यें त्याच्या पथकानें बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळीं देशी व्यायामाचे प्रयोग करून दाखविले. गंमत अशी, कीं वऱ्हाड हेंही नांवाला निजामाचेंच. कारभार मात्र इंग्रजांकडे होता. इंग्रजी अंमलाखालच्या वऱ्हाडांतील आखाडा बर्लिनपर्यंत गेला आणि खुद्द निजामी अंमलांतील आखाड्यास परवान्याचा अर्ज करावा लागे. शक्ति मराठवाड्यांतल्या पोरांत कमी होती असें नव्हे. संघटनेस मोकळीक नव्हती.

संस्थानांतलें हें काम आर्यसमाजानें पुष्कळ अंशीं अंगावर घेतलें. उदगीर, निलंगा, लातूर या बाजूस त्याच्या शाखा होत्या आणि व्यायाम हा त्यांच्या कार्यक्रमाचा भाग होता. उदगिरास भाई बन्सीलाल व भाई श्यामलाल या बंधूंनीं तें काम वाढविलें. भाई श्यामलाल यांचा डिसेंबर १९३८ मध्यें बिदरच्या तुरुंगांत अंत झाला. त्याच हिंवाळ्यांत स्टेट काँग्रेसचा व आर्यसमाजाचा असे दोन्ही सत्याग्रह संस्थानांत चालू होते.

परंतु या धकाधकींत तालमीचें एक नुकसान झालें, आणि तें इतिहासानें पुरतें नोंदलेलें नाहीं. जो आखाडा पूर्वीं गांवाचा असे तो आतां पक्षाचा, धर्माचा होऊं लागला. ज्याला वस्ताद म्हणावयाचें त्याचें नांव रामराव आहे कीं रहीमखां, हें पूर्वीं कुस्तीपुरतें तरी विचारलें जात नसे; आतां तें आधीं विचारलें जाऊं लागलें. पुढें रझाकारांच्या कवायती सुरू झाल्या आणि त्यांस उत्तर म्हणून इकडे लाठ्या घेतल्या गेल्या. ज्या विद्येंत समोरच्यास इजा न करतां पाठीवर पाडणें हेंच सारें कौशल्य, तिचा उपयोग जीव वांचविण्यासाठीं करण्याची वेळ आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान शरण आलें आणि परवान्याचें राज्य संपलें. फुटलेली जोड सांधावयास मात्र कित्येक वर्षें लागलीं.

स्वातंत्र्यानंतरची कथा एका खेड्याच्या नांवाभोंवतीं फिरते. लातूर जिल्ह्याच्या निलंगा तालुक्यांत रामलिंग मुदगड म्हणून गांव आहे. तेथील हरिश्चंद्र बिराजदार यांनीं १९६९ मध्यें महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. ती स्पर्धाही त्या वर्षीं लातुरांतच भरली होती. १९७२ मध्यें ते रुस्तुम-ए-हिंद झाले. एवढ्यावर थांबते तर ते एक मोठे मल्ल म्हणून स्मरणांत राहिले असते. पण लंगोट उतरविल्यावर त्यांनीं पुण्यास गोकुळ वस्ताद तालमींत शिकविण्याचें काम धरलें, आणि मराठवाड्यांतलीं कित्येक पोरें त्यांच्या पंखाखालीं तेथें वाढलीं. लातूरकडचेच काका पवार हे त्यांचे शिष्य. त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला आणि पुढें तेही पुण्यास वस्ताद झाले. बीड जिल्ह्यांतील पाटोद्याचा राहुल आवारे वडिलांच्या हाताखालीं मातींत उतरला आणि मग बिराजदारांकडे आला. बिराजदार सप्टेंबर २०११ मध्यें वारले. राहुलनें २०१८ मध्यें गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धेंत ५७ किलो वजनगटाचें सुवर्णपदक मिळविलें आणि तें आपल्या दिवंगत वस्तादांस अर्पण केलें.

या सर्व नांवांत पुणें वारंवार येतें, तें उगाच नव्हे. आंतरराष्ट्रीय कुस्ती मातीवर होत नाहीं, मॅटवर होते. तेथें पाठ टेकण्याची वाट न पाहतां गुणांवर निकाल लागतो, आणि घड्याळ चालू असतें. मातींत दम राखून तासभर खडाखडी करणारा गडी मॅटवर तीन मिनिटांत गुण गमावून बसतो. तें नवें शिक्षण, तो खुराक, तो सराव खेड्यांत मिळत नाहीं. म्हणून जो पोरगा थोडा बरा दिसतो, त्यास दहाव्या-बाराव्या वर्षींच पुण्याची किंवा कोल्हापूरची गाडी धरावी लागते. गांवच्या हौद्यांत धाकट्यास शिकविणारा थोरलाच मग राहत नाहीं. पदकें वाढलीं आणि पहाटे खोरें धरणारे हात कमी झाले, अशी ही दुहेरी अवस्था आहे. जानेवारी २०२० मध्यें महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत पुण्याजवळ बालेवाडीस झाली. एका बाजूस लातूरचा शैलेश शेळके, दुसऱ्या बाजूस नाशिकचा हर्षवर्धन सदगीर. हर्षवर्धन जिंकला. दोघेही काका पवारांचेच पठ्ठे होते. रोज एकाच ठिकाणीं एकमेकांशीं सराव करीत आलेले. निकाल लागल्यावर हर्षवर्धननें हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलें आणि फडाभोंवतीं फिरविलें.